वेबसाइटवर चप्पल विकायची की वाक्यं?

निपाणीकर
बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेल्या कोल्हापुरी चपलांच्या वेबसाइटवर नेहमी दिसतो तसा मजकूर: "आमच्याकडे वनस्पतिजन्य प्रक्रियेने कमावलेल्या चामड्याची दर्जेदार पादत्राणे वाजवी दरात मिळतील." यात चप्पल दिसतच नाही. मी असं लिहीन: "बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. खिळा एकही नाही, शिवण वादीची. पहिले आठ दिवस ताठ लागेल, मग पायाचा आकार घेईल." आधी "दर्जेदार", "वाजवी" खोडा. उरेल तेवढाच माल.

खडेबाजार
वाचायला झकास, पण पुण्याचं गिऱ्हाईक हिरडा विकत घेत नाही. माप बसेल का, बदलून मिळेल का, कधी येईल, एवढंच त्याला हवं. मोबाइलवर फोटोखाली दोन-तीन ओळी दिसतात, तिथं किंमत, माप आणि बदलून द्यायची अट. हिरडा खाली सरकवा. आणि "ताठ लागेल" कशाला? दोष आधी सांगून कोण माल विकतंय?

निपाणीकर
नाही सांगितलं तर "बोटाला लागते" म्हणून तीच चप्पल परत येते, जायचा-यायचा खर्च अंगावर. पावसाचंही किमतीशेजारीच लिहा: भिजली की कातडं फुगतं, सुकताना आखडतं, तळ वाकतो. सावलीत वाळवा, मग थोडं तेल. माप नुसतं "८ नंबर" नको, कंपनीगणिक नंबर बदलतो. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर उभं राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर घ्या, असं सांगा. कातडं रुंदीला सैलावतं, लांबीला फारसं नाही.

टिळकवाडी
शीर्षकाचं कुणी बोलेना. लोक शोधतात "कोल्हापुरी चप्पल", तुम्ही लिहिताय "परंपरेची पाऊलखूण". शोधात लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून वस्तूचं नाव पहिलं.

खडेबाजार
म्हणजे अथणीचं नाव परत मागच्या बाकावर!

टिळकवाडी
"कोल्हापुरी चप्पल, अथणीत शिवलेली." यात लबाडी नाही. कोल्हापुरीच्या जीआय (वस्तूची भौगोलिक ओळख) नोंदणीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. मात्र जीआयचा शिक्का लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती नसेल तर शिक्का लावू नका.

खडेबाजार
शीर्षक पटलं. ताठपणा मात्र मापाच्या तक्त्याखालीच घालणार.

निपाणीकर
घाला की. पण तक्ता "अधिक वाचा"च्या मागं दडवू नका, तिथं कोण बोट लावत नाही.