घरी साबण करता? सामान स्वस्तात कुठून आणता? (अनुभव धागा)

जुनीफडताळ:
काल माळा आवरताना जुन्या झाऱ्यांखाली लाकडी खोका सापडला. नाकाशी धरला तर अजून साबणाचा वास! आई १९८५-८६ च्या सुमारास महिला मंडळात कपड्यांचा साबण करायची, त्याचा साचा. बाबा म्हणायचे, "कपडे विरतील, हा साबण नाही विरायचा." आता मलाही करून बघायचाय, पण तयार किटची किंमत बघून हात आखडला. तुम्ही काय कुठून आणता? फजितीही सांगा. हसणार नाही. (थोडी हसेन.)

चिंचगूळ:
पुणे असेल तर बोहरी आळी. कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो), सुगंध, साचे, सगळं. पार्किंगचं विचारू नका.
कॉस्टिकच्या डब्याचं झाकण घट्ट हवं. पावसाळ्यात माझं हवेतलं पाणी ओढून ओढून चिकट ढेकूळ झालं. अर्धा किलो गेलं कामातून.

रात्रपाळी:
खोबरेल ३०० ग्रॅम, राइस ब्रान १५०, एरंडेल ५०. कॉस्टिक ७७ ग्रॅम (हिशोबाने लागतं त्यापेक्षा ५ टक्के कमीच धरलंय), पाणी १६५. ऑलिव्हचा हट्ट सोडला तिथेच निम्मे पैसे वाचले. तेल बदललं की कॉस्टिकचा हिशोब परत करायचा, अंदाजपंचे नाही. काटकसर वजनकाट्यात करू नका, बाकी कशातही करा. थांबा, तिसरी शिट्टी झाली

मोरपिसारा:
खोबरेल खाण्याचंच घ्या गं. मी शहाणीने ऑफरमधलं वासाचं केसांचं तेल आणलं. त्यात निम्मं मिनरल ऑइल, त्याचा साबण होतच नाही. दोन तास घोटत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आता दिव्यात घाल."

आळशीबोका:
दिवाळीचं तळणीचं तेल गाळून वापरतो. फुकट! भांड्यांना झकास. अंगाला लावलात तर दिवसभर चकलीचा वास येईल.

मोरपिसारा:
@आळशीबोका 😂😂 चकल्या घरी करता? भाजणीचं प्रमाण द्या ना, माझ्या तेलात विरघळतात

आळशीबोका:
मोहन जास्त पडत असेल. बायकोला विचारून सांगतो.

सडावाला:
आमच्या कोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल घरोघरी असतं, शहरात त्यालाच 'कोकम बटर' म्हणून केवढ्याला विकतात! थोडं घातलं की वडी कडक होते. आजीला सांगितलं तर म्हणाली, "भेगांना लावायचं सोडून साबणात कसलं घालतोस, मेल्या."

गोंयकान्न:
आमच्याकडे भिंडेल म्हणतात. आजीशी सहमत.

तिखटमीठ:
फजिती हवीय ना? कॉस्टिकचं पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलं. फसफसून वर आलं, घरभर उग्र वाफ, पातेलं काळं आणि खड्डे खड्डे. तेही सासरच्या नावाचं पातेलं! स्टील किंवा जाड प्लास्टिकच घ्या. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी, पोरं बाहेर. आणि मोरी तुंबल्यावर टाकतात ती पुडी स्वस्त दिसते म्हणून आणू नका, काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात.

रात्रपाळी:
+१००. आले परत, भात लागला थोडा. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच घेते. साच्याला ताकाचे रिकामे खोके, फाडून टाकले की झालं. मग ४ ते ६ आठवडे हवेवर. आमच्याकडे पहिली वडी चौथ्याच दिवशी गायब झाली, नवऱ्याचे हात आठवडाभर कोरडे ठाक. विचारलं तर "मी नाही" 🙄

जुनीफडताळ:
केवढं लिहिलंत! खोका पुसून उन्हात ठेवलाय. आईला फोन केला. म्हणाली, मंडळाकडे काटा नव्हता, वाण्याची तागडी मागून आणायचो, बदल्यात त्याला दोन वड्या. आणि खोका मुळात हापूसचा होता म्हणे. रविवारी बोहरी आळी. कुणी येतंय?

चिंचगूळ:
रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतील. शनिवारी सकाळी ये, मी येते.

मोरपिसारा:
@आळशीबोका विचारलंत का वहिनींना?