'बिनविरोध' की 'एकतर्फी'?

प्रश्न : विद्यमान आमदारासमोर दोन-तीन किरकोळ अपक्षच उभे असतील, तर ती निवडणूक 'जवळजवळ बिनविरोध' म्हणता येईल का? मथळ्यात वाचलं आणि खटकलं.

– खटकायलाच हवं. 'बिनविरोध'ला 'जवळजवळ' लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ५३ : माघारीची मुदत संपल्यावर जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, की निवडणूक निर्णय अधिकारी त्याला निवडून आल्याचं जाहीर करतो. मतदान होतच नाही. एक जरी अपक्ष अडून बसला, तरी मतदान केंद्रं उघडावी लागतात आणि हा शब्द बाद होतो.

पलूस-कडेगाव आठवा. २०१८च्या पोटनिवडणुकीत विश्वजित कदम बिनविरोध आले. २०१९ला तेच विद्यमान आमदार म्हणून उभे राहिले आणि त्यांना १,७१,४९७ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर कोण? 'नोटा', २०,६३१ मतं! शिवसेनेचा उमेदवार त्याच्याही खाली. ही झाली एकतर्फी लढत. गंमत अशी, की इथे वीस हजार लोकांनी बटण दाबून नापसंती नोंदवली. बिनविरोध निवडीत ती नोंदवायची सोयच नसते. २०२४ला सुरतेत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि मतदाराला 'नोटा'सुद्धा मिळाला नाही. म्हणजे या शब्दातला 'विरोध' लोकांचा नाही, फक्त उमेदवारांचा. खरं तर 'बिनविरोधक' म्हणायला हवं, पण रुळलेल्या शब्दाशी कोण भांडणार?

– 'अविरोध' राहिला की. विदर्भातल्या बातम्यांत तोच दिसतो. अर्थ तोच.

– मला 'एकतर्फी'बद्दलही शंका आहे. ते निकालानंतर कळतं. आधीच छापलं तर तो अंदाज, बातमी नव्हे. मतदानापूर्वी 'लुटुपुटूची लढत' म्हणा : दोघं समोरासमोर आहेत, पण जिंकायचा इरादा एकाचाच. बोलीतला आहे म्हणून मथळ्यात का नको?

– 'लुटुपुटूची' म्हटलं की संगनमताचा वास येतो. बिचारा अपक्ष पदरचे पैसे घालून मनापासून लढत असेल तर? एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही मिळाली, तर अनामत जाते ती त्याचीच. विधानसभेला सर्वसाधारण उमेदवाराचे १०,००० रुपये. त्यापेक्षा 'तगडा प्रतिस्पर्धी नाही' असं सरळ लिहावं.

प्रश्नकर्ता : पटलं. आणि 'विद्यमान' की 'मावळते'?

– मुदत संपेपर्यंत किंवा विधानसभा विसर्जित होईपर्यंत 'विद्यमान', त्यानंतर 'मावळते'. मात्र पुन्हा उभा असलेला कुठलाच आमदार स्वतःच्या पत्रकावर 'मावळते' छापणार नाही.