ताडोबा आणि स्पितीसाठी हलका लॅपटॉप: लाखभरात काय घ्यावं?

गवती_चहा

सध्याचा गेमिंग लॅपटॉप २.३ किलोचा आणि त्याची वीट (चार्जर) वेगळी ७०० ग्रॅमची. बॅगेत निकॉन झेड ६ टू कॅमेरा, २००-५०० आणि २४-७० या लेन्स ठेवल्यावर विमानाच्या ७ किलोच्या मर्यादेत हे प्रकरण बसत नाही. म्हणून नवा, हलका घ्यायचा आहे.

वापर असा: मे महिन्यात ताडोबा ५ दिवस, फेब्रुवारीत स्पितीत किब्बरला ८ दिवस. रोज साधारण १५०० फ्रेम्स, सगळ्या रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइल्स). लाइटरूम क्लासिक (अडोबीचं फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) मुख्य, फोटोशॉप अधूनमधून. व्हिडिओ अजिबात नाही. बजेट एक लाख, फार तर दहा हजार वर.

मॅकबुक एअर घ्यावा की विंडोज? १६ जीबी रॅम पुरते का? २५६ जीबी डिस्क चालेल का? आणि एसडी कार्डाची खाच नसलेले लॅपटॉप लोक वापरतात तरी कसे?

कॅटलॉगवाला

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

झेड ६ टूची १४ बिट लॉसलेस कॉम्प्रेस्ड फाइल साधारण २८-३० एमबीची. १५०० फ्रेम्स म्हणजे दिवसाला ४३-४५ जीबी, ताडोब्याच्या पाच दिवसांचे २२० जीबी. २५६ च्या डिस्कवर सिस्टिम, अडोबीची पिलावळ आणि प्रीव्ह्यू (लाइटरूम पाहण्यापुरत्या बनवतो त्या प्रती) धरून १७०-१८० मोकळे राहतात. चौथ्या दिवशी डिस्क फुल. पण म्हणून ५१२ साठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. रॉ फाइल्स आतल्या डिस्कवर ठेवूच नका. बजेटमधून १ टीबीच्या दोन बाहेरच्या एसएसडीचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात लॅपटॉप बसवा. सॅमसंग टी ७ चं वजन ५८ ग्रॅम आहे; धुळीसाठी रबरी कवचाची टी ७ शील्ड ९८ ग्रॅम, आयपी ६५ रेटिंगची.

मांडणी अशी ठेवा:

कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची आणि एडिटची नोंदवही) आणि प्रीव्ह्यू आतल्या डिस्कवर, रॉ फाइल्स पहिल्या एसएसडीवर. इम्पोर्ट करताना उजवीकडे ‘मेक अ सेकंड कॉपी टू’वर टिक करून दुसरी एसएसडी निवडा. एक गोम आहे: ही दुसरी प्रत कार्डावर जसं होतं तसं ठेवते. तुम्ही नंतर नावं बदललीत, फोल्डर हलवले, रेटिंग दिलं, तर त्यातलं काहीही तिकडे पोचत नाही. ती प्रत फक्त अपघातासाठी समजा. दोन्ही एसएसडी एकाच बॅगेत ठेवू नका, एक कॅमेऱ्यासोबत आणि एक कपड्यांत.

प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. निकॉनच्या रॉमध्ये पूर्ण आकाराचा जेपेग आत दडलेला असतो, त्यामुळे वाघाच्या डोळ्यावर फोकस आहे की शेजारच्या बांबूवर, हे १०० टक्के झूम करून लगेच कळतं. (सोनीच्या बऱ्याच जुन्या बॉडींत तो आतला जेपेग १६१६ पिक्सेलचाच असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.) आधी पी (ठेवा) आणि एक्स (टाका) दाबत छाननी करा आणि उरलेल्या दोनशेचेच १:१ (पूर्ण आकाराचे) प्रीव्ह्यू बनवा. सगळ्या १५०० चे १:१ बनवत बसलात तर दुपारची सगळी विश्रांती त्यात जाईल आणि डिस्कही भरेल.

स्मार्ट प्रीव्ह्यूचा सल्ला कुणीतरी देईलच. ते २५६० पिक्सेलचे आणि आकाराने लहान असतात, रंग-उजेड बदलायला छान. पण त्यावर बारीक फोकस तपासता येत नाही आणि एआय डिनॉइज (फोटोतले दाणे काढणं) चालत नाही, त्याला मूळ रॉ लागते. जंगलाच्या कामाला त्यांचा उपयोग मर्यादित.

घरी आल्यावर मोठ्या मशीनवर ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’. घरचं मशीन विंडोज असेल तर एसएसडीला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटचं एखादं अक्षर, समजा पी, कायमचं देऊन टाका. नाहीतर आज ई, उद्या एफ असं होतं आणि सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हं उगवतात. लोक घाबरून पुन्हा इम्पोर्ट करतात आणि एडिट नसलेली दुसरी जोडी तयार करून बसतात. मॅकवर अक्षराची भानगड नाही, तिथे डिस्कचं नाव बदलू नका म्हणजे झालं.

रॅम: १६ किमान. क्लासिक, ब्राउझर आणि अधूनमधून फोटोशॉप एवढ्याला पुरते. दहा-बारा फ्रेम्सचे पॅनोरमा जोडत असाल तर ३२ घ्या. हलक्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ‘नंतर वाढवू’ हा पर्याय नाही.

निळी_रेघ

वरच्याशी सहमत, पण पडद्याबद्दल कुणीच बोललं नाही. फोटोच्या कामात घोडं तिथेच पेंड खातं.

भारतात एकाच नावाच्या लॅपटॉपचे तीन-तीन उपप्रकार विकले जातात आणि त्यांचं पॅनेल वेगळं असतं. दुकानदार प्रोसेसर आणि रॅम सांगतो, पॅनेल सांगत नाही. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत घ्या आणि कंपनीच्या पानावर कलर गॅमट (पडदा किती रंग दाखवू शकतो ते) बघा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं की पुढे चला. त्याचा अर्थ एसआरजीबीचा (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचा) जेमतेम ६०-६५ टक्के भाग. अशा पडद्यावर नारिंगी मेलेला दिसतो, मग हात आपोआप व्हायब्रन्सवर (रंग भडक करणाऱ्या स्लायडरवर) जातो आणि घरी चांगल्या मॉनिटरवर उघडल्यावर वाघाला शेंदूर फासल्यासारखा दिसतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ ही खालची मर्यादा. डीसीआय-पी ३ (त्याहून मोठा रंगपट्टा) मिळालं तर उत्तम.

तुमच्या बजेटमध्ये दोन सरळ पर्याय:

मॅकबुक एअर १३, एम ४. वजन १.२४ किलो, पी ३ पडदा, ५०० निट्स उजेड, मूळ मॉडेललाच १६ जीबी रॅम. २०२५ मध्ये आला तेव्हा १६/२५६ ची किंमत ९९,९०० होती, सेलमध्ये खाली येते. चार्जर काढला तरी वेग तोच राहतो, हा प्रवासातला मोठा फायदा.

आसुस झेनबुक १४ ओलेड. वजन सव्वा किलोच्या आसपास, ७५ वॉट-अवरची बॅटरी (एअरची ५३.८), पी ३ ओलेड पडदा आणि एक साधा यूएसबी-ए पोर्ट. ३२ जीबीचा उपप्रकार दिसला तर तोच घ्या.

झेनबुक घेतलात तर पहिल्या दिवशी हे करा:

मायआसुस ॲपमध्ये कलर गॅमट ‘नेटिव्ह’वरून काढून एसआरजीबी किंवा डीसीआय-पी ३ करा. तसंच ठेवलं तर लाइटरूममध्ये एक रंग आणि विंडोजच्या साध्या फोटो पाहण्याच्या ॲपमध्ये भडक रंग, असा गोंधळ होतो.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ बंद करा. इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्ये ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ बंद करा. एएमडीचा चिप असेल तर त्याच जातीचं ‘व्हॅरी-ब्राइट’ बंद. हे बॅटरीवर असताना गडद फोटोचा कॉन्ट्रास्ट आपल्याच मनाने बदलतात. प्लग लावला की फोटो वेगळा, काढला की वेगळा. लोक लाइटरूमला शिव्या घालत बसतात, दोष तिथे नसतोच.

मॅकवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट दोन्ही बंद, ऑटो ब्राइटनेसही बंद.

मधला_गेट

दोघांनीही मे महिना विसरून चालणार नाही. चंद्रपूर ४५ च्या पुढे जातं. ॲपल एअरसाठी चालू स्थितीत १० ते ३५ अंश सांगते. ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा गेटांकडे दुपारी वीज गेली की पत्र्याखालच्या खोलीत ४० सहज होतात.

एअरला पंखा नाही. सगळी उष्णता खालच्या पत्र्यातून बाहेर पडते. म्हणजे धूळ आत खेचली जात नाही हा फायदा, आणि सलग पाच-सात मिनिटं जोर लावला की वेग उतरतो हा तोटा. छाननीला, क्रॉपला काही फरक पडत नाही. पन्नास फोटोंचं डिनॉइज किंवा तीनशेंचा एक्स्पोर्ट एका दमात लावलात तर शेवटचे फोटो पहिल्यांपेक्षा स्पष्ट जास्त वेळ घेतात. गादीवर ठेवून हे काम कधीच करू नका. खोलीत शहाबादी फरशी असेल तर सरळ जमिनीवर ठेवा, फरशी उष्णता ओढते. नाहीतर स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर.

सकाळच्या आणि दुपारच्या सफारीच्या मध्ये तीन-चार तास मिळतात. त्यात फक्त कॉपी आणि छाननी. जड काम रात्री. मंगळवारी कोअर (जंगलाचा मुख्य भाग) बंद असतो, मुक्कामात मंगळवार आला तर तो दिवस एडिटिंगचा.

बंद गाडीत लॅपटॉप ठेवून जेवायला जाऊ नका, एवढं सांगायला नको.

गवती_चहा

सगळ्यांचे आभार. ओळखीतून वापरलेला एम १ एअर, ८ जीबी, फार स्वस्तात मिळतोय. उरलेल्या पैशात लेन्सचा हप्ता निघेल, म्हणून मोह होतोय. आणि कार्डाचा प्रश्न राहिलाच. माझ्याकडे एसडी आणि सीएफएक्सप्रेस दोन्ही आहेत.

निळी_रेघ

एम १ चा प्रोसेसर आजही वाईट नाही आणि पडदा पी ३ च आहे (४०० निट्स). अडचण त्या ८ जीबीची. लाइटरूममध्ये सब्जेक्ट मास्क, मग स्काय मास्क, मग डिनॉइज असं केलं की मेमरी संपते आणि मॅक डिस्कलाच रॅमसारखं वापरायला (स्वॅप करायला) लागतो. स्लायडर ओढल्यावर फोटो सेकंदभराने हलतो. दीड हजार फोटोंच्या छाननीत तो सेकंद फार महाग पडतो. १६ जीबीचा एम १ मिळाला आणि बॅटरीची ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ ८५ टक्क्यांच्या वर असेल तर जरूर घ्या. ८ जीबीचा सोडा.

आणि एम २ बघत असाल तर २५६ जीबीवाल्यात डिस्कची एकच चिप आहे, त्यामुळे तिचा वेग ५१२ च्या मानाने कमी. एम ३ पासून ते सुधारलं.

कॅटलॉगवाला

कार्ड रीडर: सात-आठ पोर्टांचे स्वस्त हब येतात त्यातली एसडीची खाच बहुतेक वेळा यूएचएस-१ (एसडी कार्डाच्या वेगाचा जुना दर्जा; यूएचएस-२ त्याहून वेगवान) असते, काहींत तर यूएसबी २ च्या वेगाची. ६४ जीबी कार्डाचा हिशेब बघा. यूएसबी २ वर ३५ एमबी प्रति सेकंद धरले तर अर्धा तास. यूएचएस-१ वर ९० धरले तर १२ मिनिटं. यूएचएस-२ रीडर आणि यूएचएस-२ कार्ड असेल तर ४-५ मिनिटं. दोन्हीपैकी एकच यूएचएस-२ असून उपयोग नाही. कार्डाच्या मागे पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ते यूएचएस-२.

तुमच्यासाठी सीएफएक्सप्रेस टाइप बी आणि एसडी यूएचएस-२ अशा दोन खाचांचा, १० गिगाबिटचा रीडर घ्या. त्याच्यासोबत आलेलीच केबल वापरा. फोन चार्जिंगची सी-टू-सी केबल दिसायला तशीच असते, पण बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते, आणि मग लोक रीडर बदलायला दुकानात जातात.

एअरला यूएसबी-सीचे दोनच पोर्ट आणि चार्जिंगला मॅगसेफ वेगळा. इम्पोर्टच्या वेळी रीडर एका पोर्टात, पहिली एसएसडी दुसऱ्यात, मग दुसऱ्या एसएसडीला जागा नाही. एकतर साधा यूएसबी-सी हब घ्या किंवा पहिली कॉपी झाल्यावर रीडर काढून तिथे दुसरी लावा आणि फाइल्स कॉपी करा. दोन्ही प्रतींतली फाइल संख्या आणि एकूण बाइट्स जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. एसएसडी मॅक-विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सफॅट करणार असाल तर इजेक्ट केल्याशिवाय उपटू नका. त्यात जर्नलिंग (काय लिहिणं चालू आहे याची नोंद) नाही, अर्धवट लिहिलेलं असताना केबल निघाली तर अख्खा फोल्डर गायब दिसू शकतो.

हिमरेषा

स्पितीचं राहिलं.

फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क बॅकअपला नेणार असाल तर नेऊ नका. तिचं हेड तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि अशा बहुतेक डिस्क सुमारे ३,००० मीटरपर्यंतच चालवायच्या असतात. काझाच (स्पितीचं मुख्य गाव) त्याच्या वर आहे, किब्बर तर ४,२०० च्या पुढे. एसएसडीत हलणारं काही नाही, तिला उंचीने फरक पडत नाही.

थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, त्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते शून्याखाली चार्ज केल्याने. रात्री खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) विझल्यावर लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपू नका. संध्याकाळी बुखारी पेटलेली असताना चार्ज करा आणि रात्री बंद करून रजईत घ्या.

बाहेरून उबदार खोलीत आणताना लॅपटॉप, कॅमेरा, एसएसडी सगळं बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर तास-दीड तास पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीवर जमतं, आत नाही. घाई असेल तर फक्त कार्ड बाहेर असतानाच काढून खिशात ठेवा.

पॉवर बँक २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, ती हँडबॅगेत चालते. मर्यादा १०० वॉट-अवर. ३०,००० एमएएच म्हणजे १११, त्याला एअरलाइनची परवानगी लागते. चेक-इन बॅगेत कुठलीच नाही. घेताना पीडी (यूएसबी-सीवरची जलद चार्जिंगची पद्धत) ४५ वॉट किंवा वर लिहिलंय का बघा. २२.५ वॉटची फोनवाली झेनबुकला बहुधा दादच देणार नाही. ७४ मधले प्रत्यक्ष ५५-६० हाती लागतात, म्हणजे एअर एकदा भरेल.

एक ६५ वॉटचा गॅन (लहान आकाराचा) चार्जर घ्या, दोन सी पोर्टांचा. झेड ६ टू बंद असताना त्याच केबलने कॅमेऱ्यातली ईएन-ईएल१५सी बॅटरी चार्ज होते, निकॉनचा वेगळा चार्जर घरी ठेवा. आणि एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड. होमस्टेत खोलीला एकच सॉकेट असतं, तेही बहुतेक वेळा दाराच्या मागे.