मामाच्या जुन्या डिझेल मॉडेल इंजिनचं कॉम्प्रेशन गेलंय, घरच्या घरी काही होतंय काय?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, वडगावात राहतोय. मामा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता तेव्हाचं कंट्रोल लाइन विमानाचं (म्हणजे हातातल्या तारांवर गोल फिरवायचं मॉडेल विमान) २.५ सीसी डिझेल इंजिन माळ्यावर सापडलंय. इंधनात मिसळलेलं एरंडेल आत काकवीसारखं होऊन वाळलेलं, पंखा हलायलाच तयार नव्हता. हेअर ड्रायरनं तापवून तापवून सुटलं एकदाचं (ड्रायर बहिणीचा, तिला अजून वासाचं कारण कळलं नाही).

आता प्रॉब्लेम असा की आत तेल सोडलं की पंखा फिरवताना मस्त टणक लागतंय आणि तेल पुसलं की सुळ्ळकन फिरतोय. मामानं पूर्वी एकाकडं रिपेरीला दिलेलं, त्या भल्या माणसानं पिस्टनला एमरी पेपर मारलाय, उभ्या रेघा नखाला लागतात. रिंग बदलू म्हटलं तर रिंगच नाही, बिडाचा (कास्ट आयर्नचा) पिस्टन स्टीलच्या लायनरमध्ये नुसता लॅप करून, म्हणजे बारीक पेस्टनं घासून घासून तंतोतंत बसवलेला. उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही, बीड तर फौंड्रीच्या दारात पडलेलं असतंय, पण ओळखीचा टर्नर म्हणतोय बोटाच्या पेराएवढ्या पिस्टनसाठी मशीन कोण सेट करत बसणार. लायनरला हार्ड क्रोम करावं की नवीन पिस्टन? बजेट हजारभर रुपये, जास्त नाही.

प्रतिसाद: दादा, क्रोमच्या नादाला लागू नका, नंतर होनिंगला (आतनं घासून मापात आणायला) परत पैसे. पिस्टनच करा, पण लायनरपेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटर जाड ठेवून. आधी लायनर पितळेच्या लॅपनं (पेस्ट लावून घासायच्या दांड्यानं) सरळ करायचा, मग पिस्टन वेगळ्या लॅपनं उतरवत आणायचा, वरच्या टोकाला किंचित टाइट लागला पाहिजे. वॉल्वची ग्राइंडिंग पेस्ट चुकूनही नको, तिचे कण बिडात रुतून बसतात आणि इंजिन स्वतःलाच खात राहतंय. शेवटचा हात ब्रासोनं. आणि हे सगळं करायच्या आधी कॉन्ट्रा पिस्टन (लायनरच्या वरच्या टोकाला बसवलेला, कॉम्प्रेशन स्क्रूनं खाली-वर होणारा छोटा पिस्टन) बघितला काय? पिस्टननं एक्झॉस्ट झाकला की तिथं आणि वरच्या कॉम्प्रेशन स्क्रूपाशी पातळ तेलाचे थेंब सोडा, पंखा हळू दाबा, बुडबुडे कुठनं येतात बघा.

मी: आत्ताच करून बघितलं. एक्झॉस्टकडनं थोडे आले, पण स्क्रूच्या आट्यांतनं तर नुसता फेस यायलाय! म्हणजे इतके दिवस मी पिस्टनलाच शिव्या घालत होतो. आता एवढंच सांगा, कॉन्ट्रा पिस्टन लायनरमध्ये किती टाइट ठेवायचा? लायनर तापवून बसवायचा म्हणतात, मग गॅसवर चालतंय की ओव्हनच पाहिजे? ओव्हन पण बहिणीचाच हाय.