मदत हवी आहे: सोयाबीन बियाण्यातले गोल खडे कसे काढायचे?

नमस्कार मंडळी, लातूरकडचा आहे. घरचं सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलंय, १२ क्विंटलच्या आसपास, पण यंदा रास मातीवरच पडली आणि त्यात दाण्याएवढेच मातीचे गोल खडे आलेत. चाळणीचा उपयोग नाही, साईज सेम. शेजारच्या गावातून स्पायरल सेपरेटर आणला, त्याला मोटर वगैरे काही लागत नाही, वरून दाणे सोडले की गोल दाणा गडगडत वेग घेतो आणि बाहेरच्या पट्टीत पडतो, डाळ झालेले, चपटे, पोचट दाणे आत हळूहळू घसरत राहतात. त्यासाठी एकदम भारी काम झालं! पण खडाही गोलच ना, तोही दाण्यासोबत बाहेर. मूठभर घेतलं तरी ४-५ खडे निघतात.

आई सुपात घोळून दाखवते, दाणे पुढे सरकतात खडे मागे राहतात, पण १२ क्विंटल तिच्याकडून कसं करून घेऊ?

म्हणजे आता आकारावर नाही, वजनावरच वेगळं करावं लागेल. मग डीस्टोनर (खडे काढायचं मशीन) घ्यावा की ग्रॅव्हिटी सेपरेटर (हलके-जड दाणे वेगळे करणारं मशीन)? डीस्टोनरमध्ये खालून हवा लागते, दाणा तरंगत खाली येतो आणि खडा जाळीवरून वर ढकलला जातो एवढं कळलंय, पण सोयाबीनला हवा आणि जाळीचा उतार किती ठेवायचा? सोयाबीनचं साल पातळ, जास्त आदळलं तर उगवण ७० टक्क्यांच्या खाली जायची भीती वाटते. पाण्यात टाकायचं सुचवू नका प्लीज, साल सुरकुतून बियाणं वाया जाईल. कुणी स्वतः केलं असेल तर सेटिंग सांगा, पेरणीआधी उरकायचंय.