अनुभव धागा : नागपूरच्या उन्हात झाडांची सोबत

झाडांजवळ मन निवतं, शेजार जुळतो, हे सगळेच बोलतात. इथं मात्र आपल्या उन्हात आणि काळ्या मातीत ते जमवायचं कसं, तेवढंच लिहा. आत्मकथा नको.

टेकडीवाले
सेमिनरी हिल्सवर भराभर फेऱ्या मारणं हा व्यायाम झाला. जपानच्या वनखात्यानं 1982 साली वनस्नानाची, म्हणजे झाडांत सावकाश वेळ घालवण्याची, कल्पना पुढे आणली, त्यात वेग मुद्दाम कमी ठेवतात. एका किलोमीटरला पाऊण तास धरा. मोबाइल बंद करून पिशवीत. आधी दहा मिनिटं एका जागी उभं राहून नुसतं ऐका. सुरुवातीला हॉर्नच ऐकू येतात, मग तांबटाची टुकटुक वेगळी काढता येते. मे महिन्यात सकाळी साडेसातच्या आत घरी. पावसाळ्यात पाचोळ्यावर बसू नका, घोणस त्याच रंगाची असते. झोप उडाली, जेवण सुटलं, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टर गाठा, टेकडी जोडीला.

खिडकीतून
आजारी माणसाला टेकडी कुठून? त्याची खाट फिरवा. संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून 1984 साली अभ्यास छापला. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं होतं, वेदनेची कडक औषधंही त्यांना कमी लागली. आपल्याकडे अडचण अशी की झाडाची खिडकी नेमकी कूलरनं अडवलेली असते. कूलर दुसऱ्या खिडकीत न्या आणि झाडाकडची उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट हवीच, नाहीतर खोली दमट होते.

लेआउटचा माळी
राजेहो, झाड लावणं सोपं, ते पुढचा नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पाहील हे अवघड. लेआउटच्या (वसाहतीच्या) मोकळ्या प्लॉटवर मे महिन्यातच दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे घ्या, पंधरा दिवस तापू द्या. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. म्हणून भरताना एक वाटा बारीक मुरूम, एक वाटा कुजलेलं शेणखत, दोन वाटे माती. वरून दोन मुठी निंबोळी पेंड, उधई (वाळवी) लागू नये म्हणून. पहिल्या सरीला भुलू नका. मृगात पडून मग पाऊस ओढ देतो. दोन-तीन दणकून पाऊस झाल्यावरच लावा.

रोप चार-पाच फुटी घ्या. टोंगळ्याइतकं (गुडघ्याइतकं) रोप शेळ्या ठेवत नाहीत. कडुनिंब, करंज, बहावा चालतात. उंबर भिंतीपासून लांब. पळसाचं सोटमूळ दुखावतं, त्याचं बीच जागेवर टोका. गुलमोहर मात्र घराजवळ नको, वादळात फांद्या पाडतो.

उन्हाळ्यात बुंध्यापासून फूटभरावर सहा-सात लिटरचं भाजलेलं, पण रंग-झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून झाकण ठेवा. तीन-चार दिवसांनी भरा. बोअरच्या जड पाण्यानं छिद्रं बुजतात आणि पाणी आत तसंच राहतं. नारळाच्या शेंडीनं आतून घासा. पाचोळा चार इंच पसरा, पण खोडाला टेकवू नका, साल कुजते.

पाणीवाटप
माळीभाऊ, मडकं भरणार कोण? लावायला सगळे येतात, फोटो निघतात, मे महिन्यात सगळे गावी. पाळी माणसाला नाही, घराला द्या. एका झाडाला दोन घरं, शक्यतो एकमेकांशी न बोलणारी! बादलीच्या निमित्तानं दोन शब्द होतातच. वॉचमनलाही झाडं आणि जागा निवडायच्या बैठकीत बसवा, नुसतं पाणी घालायला नको. रोज दारात उभं राहून त्यालाच माहीत असतं गुरं कुठून शिरतात. देणगीदाराच्या नावाच्या पाट्या टाळा, एकाचं नाव लागलं की बाकीचे हात काढून घेतात.

चिमणीपाणी
पक्ष्यांचं भांडं मातीचं, दोन इंचांहून उथळ, मधे एक दगड. पाणी रोज बदला, पण तेवढ्यानं भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, आठवड्यातून एकदा काथ्यानं घासा. कूलरच्या टाकीलाही हेच.

लेआउटचा माळी
एक राहिलं. रोपाभोवती लावलेला जाळीचा पिंजरा तीन वर्षांनी काढाच, नाहीतर तार सालीत रुतते आणि वाऱ्यात झाड तिथूनच मोडतं.