'विनापरवाना' की 'परवानामुक्त'?

पानोपानी: गाड्या एकमेकींशी ज्या रेडिओलहरींवर बोलतात, त्यांवरचा लेख मराठीत आणतेय. अमेरिकेने १९९९ साली त्यासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. तो बराचसा पडीक राहिला, म्हणून २०२० साली खालचे ४५ वाय-फायला खुले केले. गाड्यांना वरचे ३० उरले. ते ४५ आता 'अनलायसन्स्ड'. मी 'परवानामुक्त' लिहिलं. संपादक म्हणतात, 'विनापरवाना' रूढ आहे. पण विनापरवाना म्हटलं की मला पकडलेली दारू दिसते!

जुना कोश: परवाना फारसी. शासनव्यवहारात 'अनुज्ञप्ती' आहे, तोच घ्या.

हडपसर: आरटीओच्या कागदावर 'शिकाऊ अनुज्ञप्ती' छापतात, पण खिडकीवरचा कारकूनही 'लर्निंग लायसन' म्हणतो. कोणासाठी लिहायचं?

रेडिओवाले काका: आमच्याकडे साधा रेडिओ ऐकायलाही परवाना होता. पोस्टात पैसे भरून छोट्या पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची. एक वर्ष राहून गेलं, तर तपासनीस आल्याचं कळताच आईने रेडिओ गोधड्यांखाली ठेवला. 'विनापरवाना' म्हणजे ती धडधड. ताई, तुमचंच बरोबर.

मिशिगनकर: याच क्षेत्रात काम करतो. मला 'मुक्त' खटकतं. वाय-फायला परवाना नको, पण शक्तीची मर्यादा आहेच. शिवाय परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्यामुळे आपल्याला झाला तर तक्रार करायची नाही. गाड्यांच्या ३०मध्ये प्रत्येक गाडी सेकंदाला दहादा आपली जागा नि वेग इतरांना सांगते. शेजारच्या ४५मधली लहर आत आली तर त्यातले निरोप हुकतात, खरी काळजी ती आहे. त्याला शब्द काय? 'व्यतिकरण' वाचून कोणाला काही कळत नाही.

बारामती: बांध कोरणं! शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास आत घेतो, तसं.

मिशिगनकर: कोरलेली जमीन जाते ती जातेच. लहर थांबली की पट्टा पुन्हा मोकळा.

बारामती: मग पाझर म्हणा. वरच्या शेताचं पाणी बांधाखालून येतं, पीक पिवळं पडतं, पाणी तोडलं की सावरतं.

वऱ्हाडी: बांध तुमच्याकडे. आमच्याकडे धुरा. धुऱ्यावर बोरी-बाभळी असतात, तो कोणाचाच नसतो. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेला याहून चांगला शब्द नाही.

पानोपानी: अंक उद्या छपाईला जातोय. 'परवानामुक्त' ठेवू ना?

जुना कोश: वऱ्हाडी, तुमचा शेताचा धुरा पुल्लिंगी आणि खांद्यावर घ्यायची ती धुरा स्त्रीलिंगी. दोन्हींचं मूळ एकच का?